आईचे दुखणे आणि बॅगेतली बरणी

वाचकाचे पत्र, थोडक्यात: मूळच्या नाशिकच्या आणि गेली चौदा वर्षे न्यू जर्सीत असलेल्या एका वाचक भगिनींनी हे पत्र लिहिले आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. त्यांची आई ७१ वर्षांची, निवृत्त शिक्षिका, नाशिकला धाकट्या मुलाकडे राहते. तिचा स्तनाचा कर्करोग मणक्यात आणि कमरेच्या हाडांत पसरला आहे. ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाची गोळी चार तास पुरते, मग ती उशांना टेकून बसून रात्र काढते. जेवणही दोन घासांवर आले आहे. तिकडच्या मराठी मंडळातील एका मैत्रिणीच्या वडिलांना गांजाचा अर्क घातलेल्या गमीजनी (चघळायच्या गोड गोळ्यांनी) आराम पडला, असे पत्रलेखिकेने पाहिले आहे. भाऊ म्हणतो, एवढे कशाला, वाराणसीहून ठेक्यावरची भांग मागवू. पत्रलेखिका विचारतात, 'अमेरिकेत सरकार आता हे औषध मानू लागले आहे, भारतानेही संयुक्त राष्ट्रांत बाजूने मत दिले आहे. मग डिसेंबरमध्ये येताना व्हिटॅमिनच्या बाटलीतून थोड्या गमीज आणल्या, तर त्यात चूक काय? मी स्वतः झोपेसाठी त्या कधीमधी घेते, मला काही झालेले नाही.' पुढच्या वर्षी त्या नागरिकत्वासाठी अर्ज करणार आहेत.

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात लक्ष त्या गमीजच्या बरणीवर राहिले. दुसऱ्या वाचनात ते 'उशांना टेकून बसून रात्र काढते' या शब्दांपाशी अडले. बरणीचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देऊन टाकते: आणू नका, आणि व्हिटॅमिनच्या बाटलीतून तर मुळीच आणू नका. का, ते मात्र जरा विस्ताराने सांगावे लागेल, कारण हा युक्तिवाद तुमच्या एकटीचा नाही. ज्या घरांतली मुले परदेशात आहेत अशा कितीतरी घरांत तो आज याच शब्दांत होतो. त्यात बरेचसे खरेही आहे, आणि म्हणूनच तो माणसाला गाफील ठेवतो.

'सरकार औषध मानू लागले आहे' असे तुम्ही लिहिता. कोणते सरकार? तुमच्या न्यू जर्सीने २०१० मध्ये रुग्णांसाठी गांजाला परवानगी दिली, नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्या मतदारांनी सर्व प्रौढांसाठी कौल दिला आणि एप्रिल २०२२ मध्ये दुकानांतून उघड विक्री सुरू झाली. पण तुमच्या पाकिटातले ग्रीन कार्ड न्यू जर्सीने दिलेले नाही. ते ज्या संघराज्य सरकारने दिले आहे, त्याच्या १९७० च्या कायद्याने गांजाला हेरॉइनच्या शेजारी, पहिल्या अनुसूचीत बसवले. म्हणजे मान्य असा औषधी उपयोग काहीच नाही. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये जनमताने रुग्णांना मुभा दिली, तेव्हापासून एकाच जमिनीवर हे दोन कायदे नांदत आले आहेत. असा संसार किती तकलादू असतो, हे २००५ मध्ये गोन्झालेस विरुद्ध रेच या खटल्यात दिसले. राज्याच्या कायद्याला धरून, स्वतःच्या दुखण्यासाठी गांजा वापरणाऱ्या रुग्णांविरुद्धही केंद्राचा कायदा चालू शकतो, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी दिला. पुढे डिसेंबर २०१४ मध्ये तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, अर्थसंकल्पात एक अट घातली, की राज्यांच्या वैद्यकीय गांजाच्या योजनांच्या आड येण्यासाठी न्याय विभागाने पैसा खर्च करू नये. गुन्हा कायम ठेवला, तो पकडण्याचा खर्च तेवढा कापला! मे २०२४ मध्ये गांजा पहिल्या अनुसूचीतून तिसऱ्या अनुसूचीत न्यावा असा प्रस्ताव तिथल्या न्याय विभागाने मांडला, आणि मंडळातल्या गप्पांत त्याचेच 'सरकारने मान्य केले' असे रूपांतर झालेले दिसते. अनुसूची बदलली, तरी दुकानातल्या गमीज औषध ठरत नाहीत. तिसऱ्या अनुसूचीतला पदार्थही औषध म्हणून मान्यता मिळालेला आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला असावा लागतो.

संयुक्त राष्ट्रांतल्या मतदानाचेही तसेच आहे. २ डिसेंबर २०२० रोजी व्हिएन्नात अमली पदार्थ आयोगाने गांजाला १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या चौथ्या अनुसूचीतून, म्हणजे सर्वांत कडक यादीतून, काढले. बाजूने २७ मते पडली, विरोधात २५, आणि भारताचे मत बाजूने होते, हे तुमचे खरे आहे. परंतु त्याच कराराच्या पहिल्या अनुसूचीत गांजा तसाच राहिला आणि भारताच्या कायद्यातला एक शब्दही त्या दिवशी बदलला नाही. व्हिएन्नात हात वर होत होता, त्याच सुमारास मुंबईत काही ग्रॅम गांजासाठी झालेल्या अटकांवर वृत्तवाहिन्यांचे दिवसच्या दिवस चालले होते. वाऱ्याची दिशा आणि कायद्याचे कलम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विमानतळावरचा अधिकारी कलम वाचतो. वारे उलटही फिरते. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला आणि तीन वर्षांत, जून २०२५ मध्ये, फुलांसाठी पुन्हा डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली. मधल्या काळात बँकॉकहून येणाऱ्या बॅगांमधून मुंबई विमानतळावर 'हायड्रोपोनिक' (मातीविना वाढवलेला) गांजा इतक्या वेळा पकडला गेला, की कस्टम्सची नजर आता त्या मालाला सरावलेली आहे.

आता आपला कायदा. एनडीपीएस म्हणून आपण ज्याला ओळखतो तो अमली पदार्थांविषयीचा अधिनियम १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू आहे. त्यात झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा आणि त्याची राळ म्हणजे चरस, ही दोन्ही बंद. त्यांच्यापासून केलेले मिश्रण वा पेयही बंद. फुलोऱ्याशिवायची पाने, म्हणजे ज्यांची भांग होते ती, आणि बिया मात्र व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत. ही फट अनवधानाने राहिलेली नाही. १९६१ च्या करारातही ती आहे. त्याच्याही आधी, १८९३-९४ मध्ये, ब्रिटिश सरकारने नेमलेल्या हेम्प ड्रग्ज आयोगाने देशभर साक्षी घेऊन निष्कर्ष काढला होता, की बेताच्या सेवनाने फारसा अपाय होत नाही आणि सरसकट बंदी घालू नये. भांग या देशात इतकी मुरलेली आहे, की बंदीच्या कायद्यालाही तिच्या बाजूने वाट काढावी लागली. गमीज मात्र त्या वाटेत बसत नाहीत, कारण त्यांतला टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक, फुलोऱ्याच्या अर्कातून आलेला असतो. शिवाय २०२० मध्ये हीरा सिंग प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मिश्रणाचे वजन धरताना त्यातला निरुपद्रवी भागही मोजायचा. म्हणजे एका गमीत टीएचसी पाचदहा मिलिग्रॅम असला, तरी तराजूत साखर आणि जिलेटीनसुद्धा बसते.

तुम्हाला घाबरवण्याचा हेतू नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगते. गांजाच्या बाबतीत एक किलोपर्यंत आणि चरसाच्या बाबतीत शंभर ग्रॅमपर्यंत 'अल्प प्रमाण' धरतात, आणि त्यासाठीची शिक्षा एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी आहे. तो पदार्थ गांजा ठरला, तर एका बरणीसाठी कोणी दहा वर्षे तुरुंगात घालणार नाही. परंतु हा पदार्थ गांजात मोडतो की आणखी कशात, हे न्यायवैद्यक प्रयोगशाळा ठरवते. तिचा अहवाल येईपर्यंत पासपोर्ट कुठे, तुम्ही कुठे आणि तीन आठवड्यांची रजा कुठे, याचा विचार करा. तुम्ही येता आहात आईच्या उशाशी बसायला, आणि ते दिवस वकिलाच्या कचेरीत जातील. व्हिटॅमिनच्या बाटलीची युक्ती तर उलटच अंगाशी येईल. आरोपीच्या मनात काय होते हे या कायद्यात आरोपीच्या विरुद्ध गृहीत धरले जाते, आणि तसे नव्हते हे सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवर असते. लेबल बदललेली बाटली म्हणजे मनात काय होते त्याचा पुरावा आपणच आपल्या हाताने भरून ठेवणे. परदेशातील वैद्यकीय गांजाचे कार्ड किंवा डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, तर ती इथे चालत नाही. औषधासाठी असे पदार्थ आणायचे, तर ग्वाल्हेरच्या नार्कोटिक्स आयुक्तांचे आयात प्रमाणपत्र लागते, आणि ते प्रवाशाच्या बॅगेसाठी नसते. शिवाय तुमचे विमान दुबईला किंवा सिंगापूरला थांबत असेल, तर तिसऱ्याच देशाचा कायदा मध्ये येतो. कॅनडात राहणाऱ्या वाचकांनीही लक्षात ठेवावे, की तिथे ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर असला, तरी तो देशाबाहेर नेणे कॅनडाच्याच कायद्याने गुन्हा आहे.

भावाच्या सुचवणीबद्दल थोडेसे. उत्तर प्रदेशात आणि राजस्थानात सरकारी परवान्याची भांगेची दुकाने आहेत, त्यामुळे 'भांग तर चालते' ही समजूत सगळीकडे पसरली आहे. महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी अधिनियम आहे आणि परवान्याशिवाय भांग बाळगणेही त्यात बसत नाही. काशीच्या गल्लीत कायदेशीर असलेली गोळी नाशिक रोड स्थानकावर उतरेपर्यंत बेकायदा झालेली असते. कायदा बाजूला ठेवला, तरी वाटलेल्या गोळ्यात ताकद किती, हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. ज्या बाईचे मणके पोखरलेले आहेत तिच्यावर असा प्रयोग करू नये.

आता जे तुम्ही विचारलेले नाही, पण पत्रात ओझरते लिहून गेला आहात, त्याबद्दल. तुम्ही स्वतः झोपेसाठी गमीज घेता आणि पुढच्या वर्षी नागरिकत्वासाठी अर्ज करणार आहात. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर सेवेने धोरण स्पष्ट केले, की राज्यात कायदेशीर असला तरी केंद्राच्या कायद्याने गुन्हा ठरणारा गांजाचा व्यवहार अर्जदाराच्या 'सचोटीच्या वर्तनाच्या' निकषाला बाध आणू शकतो. तुमच्या शेजारच्या अमेरिकन नागरिकाने त्याच दुकानातून तीच बरणी घेतली, तर त्याच्या नागरिकत्वाला धक्का लागत नाही. तुमच्या अर्जातला अमली पदार्थांविषयीचा प्रश्न त्याला कोणी विचारणार नाही. त्यामुळे आजपासून त्या बंद करा. फोनवर दुकानाचे ॲप असेल, बरणीसोबतचे फोटो असतील, तर परत येताना सीमेवर तो फोन पाहिला जाऊ शकतो हे ध्यानात असू द्या. आणि अर्ज भरण्याआधी स्थलांतर कायद्याच्या वकिलाला एकदा खरे खरे सांगा. अर्जात खोटे लिहू नका. खोट्या उत्तराची किंमत गमीच्या किमतीहून फार जास्त असते. एच-वन व्हिसावर किंवा विद्यार्थी म्हणून गेलेल्या मुलांच्या आईवडिलांनी हा परिच्छेद मुलांना पाठवावा, कारण 'इथे सगळे घेतात' हे वाक्य तिथे सर्वांत स्वस्त मिळते.

बरणीचे एवढेच. आता आई.

तुमच्या सगळ्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: उपलब्ध औषधे संपली, आता उरला तो गांजा. मला तसे दिसत नाही. ट्रॅमाडॉलनंतर थेट गांजा ही उडी तुम्ही मधल्या पायऱ्या न चढता मारता आहात. हाडांत पसरलेल्या कर्करोगाच्या दुखण्यासाठी वेदनाशामक रेडिएशन असते. ते रोग बरा करण्यासाठी नसून दुखरी जागा शांत करण्यासाठी असते, बहुतेक वेळा एकाच बैठकीत पुरते आणि काही दिवसांत ते दोनतीन आठवड्यांत आराम पडू लागतो. हाडे बळकट करणारी इंजेक्शने असतात. आणि मॉर्फिन असते. यांपैकी कशाचाही उल्लेख पत्रात नाही. उल्लेख नाही म्हणजे विचारलेच गेले नाही, असे होण्याची शक्यता बरीच आहे, कारण आपल्याकडे कर्करोगाचे डॉक्टर गाठीचा पाठलाग करण्यात गुंतलेले असतात आणि 'दुखते' हे वाक्य ओपीडीच्या दारातून निघता निघता म्हटले जाते.

मॉर्फिनची कथा तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे, म्हणून इथे जरा थांबते. भारत मंदसौर, नीमच, चित्तोडगडच्या शेतांतून सरकारी परवान्याने अफू पिकवतो आणि जगाला औषधासाठी पुरवतो. तरी १९८५ च्या याच कायद्याने, परवान्यांच्या अनेक थरांनी आणि कडक शिक्षेच्या धाकाने, आपल्याच रुग्णालयांतून मॉर्फिन नाहीसे करून टाकले. एकेका खेपेसाठी चारपाच खात्यांच्या सह्या लागत. त्यातला एक परवाना येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपे. औषध दुकानदारांनी ठेवणे सोडले आणि डॉक्टरांच्या एका संपूर्ण पिढीने ते लिहून देणे शिकलेच नाही. केरळमध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा कुठे २०१४ मध्ये संसदेने दुरुस्ती करून 'अत्यावश्यक गुंगीकारक औषधे' असा वर्ग केला आणि मान्यताप्राप्त संस्थांना एकाच परवान्यावर ती ठेवता येऊ लागली. गांजाबद्दल सरकारचा दृष्टिकोन बदलण्याची तुम्ही वाट पाहता आहात. ज्या औषधाबद्दल तो दहाहून अधिक वर्षांपूर्वीच बदलला, ते तुमच्या आईपर्यंत अजून पोचलेले नाही. कायदा सुटला, पण सवय सुटली नाही. गंमत म्हणा हवी तर, ती घेते ते ट्रॅमाडॉलही एप्रिल २०१८ पासून एनडीपीएस कायद्याखालीच आहे.

आपल्या घरांत आणखी एक अडसर असतो. मॉर्फिन म्हटले की 'म्हणजे आता संपलेच का?' असे डोळे एकमेकांकडे वळतात. तसे नाही. तोंडाने घ्यायच्या छोट्या गोळ्या असतात, कमी मात्रेपासून सुरुवात करतात, दर चार तासांनी ठरल्या वेळी देतात, दुखू लागण्याची वाट पाहत नाहीत. पहिले दोनचार दिवस गुंगी आणि मळमळ येते, मग ती ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून जोडीने सुरू करायचे. डॉक्टर विसरले तर आठवण करून द्या, कारण पुष्कळ घरांत मॉर्फिन त्याच एका कारणाने बंद पडते. कर्करोगाच्या दुखण्यासाठी, देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन क्वचित लागते.

म्हणून डिसेंबरपर्यंत थांबू नका. भावाला या आठवड्यात एक साधी शाळकरी वही घ्यायला सांगा. पान तीन रकान्यांत आखायचे: वेळ, दुखणे शून्य ते दहापैकी किती, आणि त्याआधी काय घेतले. कुठे दुखते ते आईला बोटाने दाखवायला सांगावे, आणि ठणकते, टोचते, की पायात वीज उतरल्यासारखे होते, ते तिच्याच शब्दांत लिहावे. वीज उतरल्यासारखे दुखत असेल, तर ते नसेचे दुखणे असते आणि त्याची औषधे वेगळी असतात. आठ दिवसांची अशी वही डॉक्टरांसमोर ठेवली, की बोलणे बदलते. मग कर्करोगतज्ज्ञांना दोन प्रश्न सरळ विचारायचे: दुखण्यासाठी रेडिएशन देता येईल का, आणि पॅलिएटिव्ह केअरकडे, म्हणजे रुग्णाचे दुखणे व त्रास हलका करणाऱ्या सेवेकडे, चिठ्ठी द्याल का. नाशिकला जिल्हा रुग्णालयात आणि कर्करोगाच्या रुग्णालयांत या सेवेची चौकशी करा. पुण्यात वारज्याला सिप्लाचे पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे, मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्ये स्वतंत्र विभाग आहे, वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन आहे. तिथे दाखल व्हावेच लागते असे नाही. अनेकदा एका भेटीत औषधांची घडी बसते आणि पुढचे घरी निभावते. एक धोक्याची खूण मात्र भावाला आजच फोनवर सांगा: आईच्या पायांतली शक्ती अचानक कमी झाली, किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो, आणि ते तासांत मोजायचे संकट असते. वही वगैरे बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठायचे.

गांजाचा औषध म्हणून उपयोग नाहीच, असे माझे म्हणणे नाही. टीएचसीची कृत्रिम प्रतिकृती असलेल्या ड्रोनॅबिनॉलला केमोथेरपीतल्या उलट्यांसाठी अमेरिकेत १९८५ मध्ये मान्यता मिळाली, म्हणजे आपण बंदीचा कायदा केला त्याच वर्षी. लहान मुलांच्या दोन दुर्धर अपस्मारांसाठी शुद्ध सीबीडीचे (गांजातल्या नशा न आणणाऱ्या घटकाचे) औषध २०१८ मध्ये मान्य झाले. परंतु कर्करोगाच्या दुखण्यावर, मॉर्फिनसारख्या औषधांनीही न भागलेल्या रुग्णांत, गांजाच्या अर्काच्या तोंडात मारायच्या फवाऱ्याच्या मोठ्या चाचण्या झाल्या, तेव्हा मुख्य निकषावर तो औषध नसलेल्या नुसत्या फवाऱ्याहून (प्लासिबोहून) सरस ठरला नाही. मैत्रिणीच्या वडिलांना आराम पडला, तो मी नाकारत नाही. पण त्यांचे दुखणे कोणते, बरोबर आणखी काय चालू होते आणि झोप लागल्याने दुखणे कमी वाटले का, हे त्या गोष्टीत नाही. तुमच्या आईच्या बाबतीत एक धोका ठळक आहे. पोटातून घेतलेला गांजा चढायला तासदोन तास लागतात, माणूस 'काहीच झाले नाही' म्हणून दुसरी घेतो आणि मग दोन्ही एकदम चढतात. वयस्कर माणसाचा रक्तदाब उतरतो, गरगरते, तोल जातो. पहाटे तीनला न्हाणीघराच्या उंबऱ्यावर, कर्करोगाने पोखरलेले कमरेचे हाड घेऊन, तोल जाता कामा नये.

तरीही रेडिएशन, मॉर्फिन आणि नसेची औषधे होऊन काही उणे राहिले, तर भारतात एक कायदेशीर दार आहे. आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई-१ अनुसूचीत ती विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, म्हणजे वैद्यकीय देखरेखीखाली घ्यायची आहे. पानांच्या अर्काची तेले आणि गोळ्या आयुष परवान्याने बनतात आणि नोंदणीकृत वैद्यांच्या चिठ्ठीवर मिळतात. घ्यायचेच झाले, तर आईला प्रत्यक्ष तपासणाऱ्या वैद्यांकडून घ्यावे; संकेतस्थळावर पाच मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर मिळालेल्या चिठ्ठीवर माझा फारसा विश्वास नाही. बाटलीवर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि टीएचसी व सीबीडीचे प्रमाण छापलेले हवे. चिठ्ठी आणि बिल बाटलीबरोबरच ठेवावे. कर्करोगतज्ज्ञांपासून हे लपवू नये, कारण सीबीडी यकृतात इतर औषधांच्या आड येते. वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर विशेष जपावे लागते. आणि किराणा मालासारखे ऑनलाइन विकले जाणारे 'हेम्प सीड ऑइल' म्हणजे हे नव्हे. नोव्हेंबर २०२१ पासून ते खाद्यतेल म्हणून चालते, बियांचे असते, कोशिंबिरीवर घालायला उत्तम. दुखण्यावर त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवू नये.

उत्तराखंडाने २०१८ मध्ये कमी टीएचसीच्या भांग-लागवडीला परवाने दिले, हिमाचलच्या विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये औषधी व औद्योगिक लागवडीच्या बाजूने ठराव केला. पाचदहा वर्षांत चित्र निराळे असेलही. तुमच्या आईकडे तेवढा वेळ नाही, म्हणून मी तुम्हाला बदलत्या कायद्याच्या भरवशावर न ठेवता आज हातात असलेल्या औषधांकडे वळवते आहे.

शेवटी एक प्रश्न, आणि त्याचे उत्तर मला नको, भावाला आणि स्वतःला द्या. तुमच्या चार पानी पत्रात मैत्रिणीचे वडील बोलतात, भाऊ बोलतो, सरकारे बोलतात. आई कुठेच बोलत नाही. कित्येक वर्षे वर्गात हजेरी घेतलेल्या बाईला, आपल्यासाठी मुलीने बाटलीचे लेबल बदलून विमानतळ ओलांडलेला चालेल का? तिला झोप हवी आहे, की शुद्ध राखून नातवंडांशी बोलणे जास्त हवे आहे? औषधाची मात्रा यावरच ठरते, आणि पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर पहिल्या भेटीत तेच विचारतात, म्हणून रविवारच्या व्हिडिओ कॉलमध्ये भावाला दहा मिनिटे बाहेर पाठवून तुम्हीच विचारून ठेवा. येताना बॅगेत पाठीला आधार देणारी, हव्या त्या कोनात उभी राहणारी तिरकी उशी आणा. बरणीपेक्षा ती जास्त जागा खाईल, पण पहिल्याच रात्री कामाला येईल.